वाचकांचे प्रश्न : समूहातल्या दीर्घिकांची तोंडे कोणत्या दिशेला?

गेल्या अंकात आम्ही कन्या राशीतील दीर्घिका-समूहाचे छायाचित्र छापले होते (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी असंख्य ताऱ्यांची वसाहत). त्यात काही दीर्घिका ताटासारख्या समोरून, काही सुरीच्या पात्यासारख्या कडेने, तर बाकीच्या मधल्या कोणत्या तरी तिरकसपणाने दिसत होत्या. या तिरकसपणात काही शिस्त आहे का, असे विचारणारी पत्रे खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या वाचकांनी पाठवली, म्हणून या वेळचे सगळे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : सूर्याभोवतीचे ग्रह जवळजवळ एकाच पातळीत फिरतात, असे आपल्याच सदरात वाचले होते. समूहातील दीर्घिकाही गुरुत्वाकर्षणानेच बांधलेल्या आहेत, मग त्याही एका पातळीत आणि त्यांच्या चकत्या एकमेकींना समांतर का नसाव्यात? (येळ्ळूर येथील एक शेतकरी वाचक)

उत्तर : ग्रह एका पातळीत आहेत याचे श्रेय एकट्या गुरुत्वाकर्षणाला देता येत नाही. सूर्य आणि ग्रह ज्या वायूच्या व धुळीच्या ढगातून घडले, त्या ढगातील कण एकमेकांवर सतत आदळत होते. वर-खाली जाणाऱ्या कणांचा वेग या टकरींत जिरून उष्णतेच्या रूपाने निघून गेला आणि सगळ्या ढगाचे जे सामाईक फिरणे होते तेवढे शिल्लक राहिले. त्यातून चकती झाली आणि चकतीतून ग्रह झाले. दीर्घिका-समूहात असे घडत नाही, कारण दीर्घिका अशा टकरींत आपला वेग गमावत नाहीत. दोन दीर्घिका वेगाने एकमेकींतून आरपार गेल्या तरी त्यांतले तारे इतके विरळ असतात की ताऱ्यावर तारा आदळण्याचा प्रसंग जवळपास येतच नाही.

अरुंधती केश या तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवर, एक प्रसिद्ध दीर्घिका-समूह आहे. त्याला यापुढे केश समूह म्हणू. त्यात हजारावर दीर्घिका सेकंदाला साधारण एक हजार किलोमीटर वेगाने, वाटेल त्या दिशेने, इकडून तिकडे जात आहेत. हा वेग प्रकाशवेगाचा तीनशेवा भाग झाला. म्हणजे एखादी दीर्घिका १०० कोटी वर्षांत सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षे जाईल, आणि समूहाचा पसारा एक कोटी प्रकाशवर्षे किंवा त्याहून जास्त असल्यामुळे विश्वाच्या १,३८० कोटी वर्षांच्या आयुष्यात तिच्या वाट्याला मोजक्याच येरझाऱ्या येतील. पृथ्वीने सूर्याभोवती आतापर्यंत सुमारे साडेचारशे कोटी प्रदक्षिणा केल्या आहेत, हे शेजारी ठेवले म्हणजे समूह किती कोवळे आहेत ते ध्यानात येते.

या समूहांना सामाईक असे फिरणे फारसे नसते. त्यांच्या वस्तुमानाचा पाचापैकी चार भागांहून अधिक वाटा कृष्णद्रव्याचा, म्हणजे उजेड न देणाऱ्या आणि केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचा असतो, उरलेल्यातला बहुतेक भाग कोट्यवधी अंश तापलेल्या विरळ वायूचा, आणि ज्यांच्यासाठी आपण समूह हे नाव देतो त्या दीर्घिकांमधील ताऱ्यांचा वाटा जेमतेम काही टक्के. (फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली याच केश समूहातील दीर्घिकांचे वेग पाहून न दिसणाऱ्या द्रव्याचा मुद्दा प्रथम मांडला होता.) त्यामुळे समूहाचा आकार चकतीचा नसतो, पण तो गोल लाडवासारखाही नसतो. आपल्या पश्चिम भागातील शेतांत निघणाऱ्या रताळ्यासारखा तो एका बाजूने लांबट असतो. ही लांबट बाजू लक्षात ठेवावी, कारण पुढे सगळा प्रश्न तिच्याशी येऊन भिडतो.

दीर्घिका कुठे आहेत हा एक प्रश्न, आणि प्रत्येकीचे तोंड कुणीकडे आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आले. दुसऱ्याचे उत्तर देण्याआधी तोंड म्हणजे काय हे ठरवावे लागेल, आणि नेमके तेच निपाणीच्या बाईंनी विचारले आहे.

प्रश्न : छायाचित्र सपाट असते. मग दीर्घिका अवकाशात खरोखर कोणत्या बाजूला कललेली आहे हे त्यावरून कसे समजते? वर्गात मुलांना दाखवता येईल असे काही असल्यास सांगावे. (निपाणी येथील एक शिक्षिका)

उत्तर : वर्गात एक पापड न्यावा. सर्पिल दीर्घिका ही साधारण पापडासारखी चकती असते आणि तिचे तोंड म्हणजे त्या चकतीला काटकोनात असणारा परिवलनाक्ष. पापड मुलांसमोर सरळ धरला की गोल दिसतो, तिरका केला की लंबगोल होतो आणि पूर्ण आडवा केला की नुसती रेघ उरते. दिसणाऱ्या लंबगोलाचा लहान व्यास आणि मोठा व्यास यांचे गुणोत्तर काढले की कल किती अंशांचा आहे ते समजते. समोरून गोल दिसणाऱ्या चकतीचा कल शून्य अंश आणि कडेने दिसणारीचा ९० अंश. खऱ्या दीर्घिकेला पापडापेक्षा जास्त जाडी असते, त्यामुळे अगदी कडेने दिसणाऱ्या दीर्घिकेचाही लहान व्यास मोठ्याच्या पाचव्या भागाच्या आसपास भरतो, आणि गणित करताना ही जाडी वजा करावी लागते. याखेरीज मोठा व्यास आकाशात कोणत्या दिशेने पसरला आहे तेही मोजतात. उत्तरेकडून पूर्वेकडे मोजल्या जाणाऱ्या या कोनाला स्थितीकोन म्हणतात.

आता मुलांना एक डोळा मिटायला सांगावे आणि पापड वर्गाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन तिरका धरावा. त्याची वरची कडा आपल्याकडे झुकली आहे की पलीकडे, हे त्यांना सांगता येणार नाही. खगोलशास्त्रज्ञांची अडचण हीच आहे. एकाच लंबगोलासाठी चकतीच्या दोन स्थिती शक्य असतात, आणि प्रत्येक स्थितीत दीर्घिका या बाजूने फिरते की त्या बाजूने, हेही ठाऊक नसल्यामुळे अक्षाच्या एकूण चार दिशा संभवतात. काही वेळा वाट निघते. चकतीतील धुळीचे पट्टे जवळच्या बाजूला जास्त उठून दिसतात, कारण मागच्या ताऱ्यांचा उजेड ते अडवतात. आणि वर्णपट घेतला तर कोणती बाजू आपल्याकडे येत आहे आणि कोणती दूर जात आहे, ते डॉप्लर परिणामावरून समजते. परंतु दूरच्या समूहातील दीर्घिका छायाचित्रात अवघ्या काही ठिपक्यांच्या असतात, त्यांच्या बाबतीत हे चारही पर्याय हिशेबात धरूनच पुढे जावे लागते.

समूहाच्या मध्यभागी तर सर्पिल दीर्घिका दुर्मीळच असतात. तिथे गर्दी लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिकांची असते, हे ॲलन ड्रेसलर यांनी १९८० मध्ये अनेक समूह तपासून दाखवले. लंबवर्तुळाकार दीर्घिकेला चकतीच नसते, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दीर्घिका एकसंधपणे फारशा फिरतही नाहीत. म्हणून त्यांचे तोंड म्हणजे त्यांचा लांब अक्ष, असे मानून घेतात. म्हणजे समूहातील दीर्घिकांचा कल हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो, आणि ज्यांनी वर्तमानपत्रांत परस्परविरोधी बातम्या वाचल्या असतील त्यांच्या गोंधळाचे एक मूळ इथेच आहे.

आणखी एक फसवी जागा सांगतो, कारण गणित शिकवणाऱ्यांना ती आवडेल. हजार चकत्या कशाही फेकल्या तर शून्य ते ३० अंश, ३० ते ६० आणि ६० ते ९० अंश या तीन गटांत त्या सारख्या वाटल्या जातील, असे सहज वाटते. तसे होत नाही. त्यांतल्या निम्म्या चकत्यांचा कल ६० अंशांहून जास्त भरतो. अक्षाने नेमके आपल्याकडे रोखून राहायचे तर त्याला दिशा थोड्याच असतात, आडवे राहायला मात्र चोहोबाजूंच्या दिशा मोकळ्या असतात. शिवाय अंधुक दीर्घिका कडेने दिसल्या तर यादीत येतात आणि समोरून दिसल्या तर उजेड पसरून हरवतात, किंवा धुळीमुळे याच्या उलटही घडते. निव्वळ यदृच्छ मांडणी कशी दिसेल याचा आलेख आधी अचूक काढल्याशिवाय शिस्त सापडली असे कोणी म्हणू नये, हा इशारा काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठातील बिनिल आर्याल आणि इन्सब्रुकचे वाल्टर सौरर यांनी २००० साली दिला, आणि माझ्या मते या क्षेत्रातले ते सर्वांत उपयोगी काम आहे.

प्रश्न : एका ठिकाणी वाचले की समूहातील दीर्घिका एका रेषेत लागलेल्या असतात, दुसऱ्या ठिकाणी वाचले की असे काहीही नसते. खरे काय? (बेळगाव येथील विज्ञान शाखेचा एक विद्यार्थी)

उत्तर : दोन्ही खरे आहे, फक्त दोन्ही विधाने वेगवेगळ्या दीर्घिकांबद्दल आहेत.

जिथे शंका उरलेली नाही तिथून सुरुवात करू. बहुतेक श्रीमंत, म्हणजे पुष्कळ दीर्घिका असलेल्या, समूहांच्या मध्यभागी एक राक्षसी लंबवर्तुळाकार दीर्घिका बसलेली असते. १९६८ साली जी. एन. शास्त्री यांनी अशा काही समूहांची छायाचित्रे मोजली तेव्हा मधल्या दीर्घिकेचा लांब अक्ष आणि संपूर्ण समूहाची लांबट बाजू एकाच दिशेला असल्याचे त्यांना आढळले. मधली दीर्घिका समूहाच्या मानाने अगदीच लहान असते, तरी रताळ्याच्या पोटातल्या दाण्याने रताळ्याचीच दिशा धरावी, तसा हा प्रकार आहे. १९८२ मध्ये ब्रुनो बिंगेली यांनी ॲबेल यांच्या यादीतील ४४ समूह घेऊन याला दुजोरा दिला आणि एक पाऊल पुढे जाऊन दाखवले की जवळचे समूह स्वतःसुद्धा एकमेकांकडे रोखलेले असतात. जॉर्ज ॲबेल यांची ही १९५८ सालची यादी २,७१२ समूहांची असून आजही समूह तिच्यातील क्रमांकाने ओळखले जातात. २०१७ साली मायकेल वेस्ट आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या छायाचित्रांतून ६५ दूरचे समूह तपासले आणि सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वीही मधल्या दीर्घिकांची दिशा अशीच ठरलेली होती, असे सांगितले. मोजणी पन्नास वर्षे झाली, साधने बदलली, तरी हा निष्कर्ष टिकून राहिला आहे.

बाकीच्या हजार दीर्घिकांचे काय, हा वादाचा भाग. १९७५ मध्ये हॉली आणि पीबल्स यांना केश समूहातील दीर्घिका केंद्राकडे किंचित रोखलेल्या असल्याचा अंधुक पुरावा दिसला. २००५ मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणातील समूहांवर परेरा आणि कुन यांनी असाच निष्कर्ष काढला. याउलट २०१२ मध्ये हंग आणि एबेलिंग यांना हबलच्या बारीक छायाचित्रांत तसे काहीही दिसले नाही, आणि २०१५ मध्ये सिफोन व सहकाऱ्यांनी ९० मोठ्या समूहांतील १४ हजारांवर दीर्घिका, ज्यांचे समूहातील सदस्यत्व वर्णपटाने पक्के केलेले होते, तपासून तेच सांगितले. या आकड्यांचे वजन समजण्यासाठी नाणे उडवून पाहावे. १०० वेळा नाणे उडवले तर छापा ५० वेळा येण्याऐवजी ४५ किंवा ५५ वेळा येणे ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे १०० दीर्घिकांच्या समूहात ५६ दीर्घिका केंद्राकडे रोखलेल्या आढळल्या तरी त्यावरून काहीच सांगता येत नाही. १४ हजारांत मात्र सात हजारांपासून साठाचा फरक एवढीच नेहमीची चूक असते, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. इतक्या बारीक चाळणीतून जर काही खाली पडले नाही, तर समूहातील सामान्य दीर्घिकांचा केंद्राकडे असलेला कल एक तर नाही, किंवा अगदी नगण्य आहे.

मग आधीच्या लोकांना दिसले ते काय होते? दीर्घिकेची दिशा तिच्या कोणत्या भागावरून मोजायची, यावर उत्तर पुष्कळ अवलंबून असते. आतला तेजस्वी भाग घेतला तर कल जवळपास सापडत नाही, बाहेरचा अंधुक पसारा घेतला तर थोडा सापडतो. समूहाच्या केंद्राचे भरतीबल (जवळच्या आणि दूरच्या बाजूंवरील ओढीतला फरक) दीर्घिकेच्या विरळ कडांना ताणते आणि वळवते, आतल्या घट्ट गाभ्यावर त्याचा अंमल चालत नाही. त्यामुळे यात भौतिक कारण असू शकते. पण शेजारच्या मोठ्या दीर्घिकेचा उजेड नेमका याच कडांवर सांडतो आणि मोजणी केंद्राच्या दिशेला ओढली जाते, हेही तितकेच खरे. संगणकावर बनवलेल्या प्रतिकृतींत कृष्णद्रव्याचे गोळे केंद्राकडे ठळकपणे रोखलेले दिसतात आणि त्यांच्या पोटातील ताऱ्यांचा भाग तसा दिसत नाही, ही गोष्ट पहिल्या कारणाशी जुळते.

आपल्या भागातील वाचकांसाठी एक दृष्टांत देतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला बैलगाड्या निघतात तेव्हा रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचे जू डोंगराकडे असते. गाड्या माळावर पोहोचल्या की बैल सुटतात, जू उतरते आणि ज्याला जशी जागा मिळेल तशी गाडी उभी राहते. दोन दिवसांनी डोंगरावरून खाली पाहिले तर कोणती गाडी कोणत्या गावाहून आली हे तिच्या तोंडावरून सांगता येणार नाही. समूहाबाहेर, ज्या लांब तंतूंवरून दीर्घिका समूहात येतात त्या तंतूंवर, दिशेची शिस्त सापडते. समूहात शिरल्यावर धावपळीत आणि ओढाताणीत ती मोडते. मधली राक्षसी दीर्घिका मात्र रस्त्यावरून येत राहिलेल्या कित्येक दीर्घिका गिळून वाढलेली असते, त्या बहुतेक एकाच मुख्य रस्त्याने आलेल्या असतात, आणि म्हणून त्या रस्त्याची दिशा तिच्या अंगात उतरते. दृष्टांत एवढ्यापुरताच घ्यावा. गाडीला तोंड असते तसे दीर्घिकेच्या लांब अक्षाला पुढचे-मागचे टोक नसते.

कन्या समूहात हा रस्ता जवळजवळ दिसतो म्हटले तरी चालेल. तो आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्यातील सर्वांत तेजस्वी लंबवर्तुळाकार दीर्घिका साधारण एका रेषेत मांडलेल्या आहेत, आणि वेस्ट व ब्लेकस्ली यांनी २००० साली दाखवल्याप्रमाणे ती रेषा पुढे वाढवली तर ती ॲबेल १३६७ या दूरच्या समूहाकडे जाते. ॲबेल १३६७ आणि केश समूह हे दोघे स्वतः एका मोठ्या तंतूने जोडलेले आहेत.

प्रश्न : दीर्घिका मुळात फिरू लागल्या कशाने? तंतूंवर शिस्त आहे म्हणता, ती आली कुठून? (संकेश्वर येथील एक वाचक)

उत्तर : दीर्घिका ज्या द्रव्याच्या गोळ्यातून घडली तो गोळा वाटोळा नव्हता, ओबडधोबड होता. आसपासच्या गोळ्यांनी त्याला ओढले तेव्हा त्याच्या एका टोकावर ओढ जास्त आणि दुसऱ्यावर कमी पडली, आणि त्याला पीळ बसला. ही कल्पना १९४९ साली फ्रेड हॉइल यांनी मांडली. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचे ते केंब्रिजमधील गुरू. पुढे १९६९ मध्ये जिम पीबल्स आणि १९७० मध्ये डोरोश्केविच यांनी तिला गणिताचा आधार दिला. पीळ आसपासच्या द्रव्याच्या मांडणीने दिलेला असल्यामुळे त्या मांडणीची खूण अक्षाच्या दिशेत राहावी, हे ओघानेच आले.

एके काळी यावरून दीर्घिका कशा घडल्या याविषयीच्या तीन मतांत निवाडा करता येईल अशी आशा होती. झेल्डोविच यांच्या मते आधी द्रव्याचे प्रचंड पातळ थर झाले आणि ते फुटून दीर्घिका झाल्या; तसे असेल तर अक्ष थराच्या पातळीत पडलेले असावेत. आद्य विश्वातच भोवरे होते असे मानले तर अक्ष पातळीला काटकोनात उभे असावेत. लहान गोळे जुळत जुळत मोठे झाले असतील तर कसलीच ठरावीक दिशा नसावी. ही मांडणी सुटसुटीत आहे, परंतु निसर्गाने तिला जुमानलेले नाही. आर्याल आणि सौरर यांनी अनेक ॲबेल समूह या कसोटीवर लावले तेव्हा काहींत अक्षांची वाटणी यदृच्छ निघाली, तर काहींत ठरावीक कल दिसला. आपल्या स्थानिक महासमूहाची (आपली आकाशगंगा आणि कन्या समूह ज्यात येतात त्या मोठ्या समूहाची) चपटी पातळी जेरार द व्होकुलर यांनी १९५३ मध्ये दाखवून दिली होती; त्यातील दीर्घिकांच्या चकत्या त्या पातळीला काटकोनात असण्याकडे झुकतात, असे फ्लिन आणि गोद्लोव्स्की यांना १९८६ मध्ये आढळले. योगायोगाने आपल्या आकाशगंगेची चकती त्या पातळीशी सुमारे ८४ अंशांचा कोन करते. एका दीर्घिकेवरून काही सिद्ध होत नाही, तरी ती आपली असल्यामुळे नोंद केली.

तंतूंवरची शिस्तही एकेरी नाही. टेम्पेल आणि लिबेस्काइंड यांनी २०१३ मध्ये दाखवले की तंतूवरील सर्पिल दीर्घिकांचे अक्ष तंतूला समांतर, तर लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिकांचे अक्ष तंतूला काटकोनात असण्याचा कल आहे. हलक्या दीर्घिका तंतूत जमणाऱ्या द्रव्याच्या पिळाने फिरू लागतात, जड दीर्घिका तंतूच्या लांबीवरून येणाऱ्या दुसऱ्या दीर्घिकांशी मिसळून वाढतात, आणि समोरासमोर मिसळणाऱ्या दोन दीर्घिकांचे एकमेकींभोवतीचे फिरणे नंतर एकत्रित दीर्घिकेच्या अंगी येते; अशी त्याची उपपत्ती आहे.

प्रश्न : सर्व दीर्घिका प्रदक्षिणेच्या दिशेने फिरतात का? (खानापूर येथील एक वाचक)

उत्तर : नाही. जी दीर्घिका आपल्याला प्रदक्षिणेच्या दिशेने फिरताना दिसते ती पलीकडच्या बाजूने पाहणाऱ्याला उलट फिरताना दिसेल. तरीही एखाद्या बाजूचे प्रमाण जास्त आहे का, हे पाहण्यासाठी २००७ साली सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या उपक्रमात सामान्य लोकांना लाखो छायाचित्रे दाखवून दिशा विचारण्यात आली. उलट फिरणाऱ्या दीर्घिका जास्त भरल्या. मग तीच छायाचित्रे आरशात उलटी करून दाखवली, तेव्हाही लोकांनी उलट दिशाच जास्त सांगितली. दोष पाहणाऱ्यांच्या नजरेचा होता.

प्रश्न : एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? (चिकोडी येथील एक वाचक)

उत्तर : सध्या तरी याचा मोठा उपयोग दुसऱ्याच एका मोजणीतील चूक टाळण्यासाठी होतो. समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकांचा उजेड वाकतो आणि त्यांची चित्रे समूहाभोवती वर्तुळाच्या कडेने किंचित ताणली जातात. हा ताण साधारण एक टक्का असतो आणि दीर्घिकांचा स्वतःचा लंबगोलपणा त्याच्या कितीतरी पट, म्हणून हजारो दीर्घिकांची सरासरी काढून त्यावरून समूहातील कृष्णद्रव्य तोलतात. या हिशेबाचा पाया असा की ताण सोडला तर दीर्घिकांची तोंडे कशीही आहेत. जुलै २०२३ मध्ये अवकाशात गेलेली युक्लिड दुर्बीण हीच पद्धत कोट्यवधी दीर्घिकांवर वापरत आहे. समूहातल्याच काही दीर्घिका चुकून मागच्या समजल्या गेल्या आणि त्या केंद्राकडे रोखलेल्या असल्या, तर वर्तुळाकार ताण खोडला जाऊन कृष्णद्रव्य खऱ्यापेक्षा कमी भरेल. सिफोन यांनी १४ हजार दीर्घिका मोजल्या त्या मुख्यतः या भीतीपोटी, आणि समूहांपुरती ती भीती फारशी खरी नाही हे त्यांच्या कामाचे मोल.

प्रश्न : यातले काही आपल्या भागातून दिसते का? (बेळगाव येथील एका वाचकाची पुरवणी)

उत्तर : दिसते, आणि आपण त्याबाबतीत सुदैवी आहोत. बेळगावचा अक्षांश १६ अंशांच्या जवळ असल्यामुळे कन्या समूह आपल्या डोक्यावरून, शिरोबिंदूच्या जेमतेम चार अंश दक्षिणेने जातो, आणि केश समूह शिरोबिंदूच्या सुमारे १२ अंश उत्तरेने. मे महिन्याच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास दोघेही सर्वांत उंच असतात. शहराचा उजेड टाळून जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जावे. जूनमध्ये ढग आले की पुढे चार महिने या विषयाला हात लावता येत नाही.

सिंह राशीतील उत्तरा फाल्गुनी आणि कन्या राशीतील एप्सिलॉन हा तारा यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर चार इंची दुर्बीण रोखली तर एम ८४ आणि एम ८६ या दोन दीर्घिका धूसर ठिपक्यांसारख्या दिसतात, आणि थोडे पूर्व-आग्नेयेला एम ८७ सापडते, जिच्या पोटातील कृष्णविवराचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या लंबवर्तुळाकार असल्यामुळे त्यांचा कल दुर्बिणीतून कळणार नाही. कल पाहायचा असेल तर हस्त नक्षत्राच्या ईशान्येला असलेली एम १०४ पाहावी. ती कन्या समूहाची सदस्य नाही, त्याच्या बरीच अलीकडे आहे, पण जवळजवळ कडेने दिसते. दुर्बीण न हलवता ठेवली की दृश्यातले तारे ज्या बाजूला सरकत बाहेर जातात ती पश्चिम. एम १०४ ची लांबट रेघ या सरकण्याला समांतर दिसते, म्हणजे तिचा स्थितीकोन ९० अंशांच्या आसपास आहे. आठ इंची दुर्बीण हाताशी असेल त्यांनी अरुंधती केशमधील एनजीसी ४५६५ ही सुईसारखी दीर्घिका शोधावी आणि तिचा कोन याच रीतीने स्वतः मोजावा. तो १३५ अंशांच्या जवळपास यायला हवा. ४५ आला तर पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाली असे समजून, दुर्बिणीतील आरसा चित्र उलटे करतो का ते आधी तपासावे.